अनुभव धागा: धरणाकाठी एक दिवस, एक रात्र

गोदाकाठ:
माळा आवरताना जुना कापडी तंबू निघाला. घडीत वैतरणाकाठची माती अजून आहे. म्हणून हा धागा. नाशिकभोवतीच्या धरणांवर जाणाऱ्यांनी नेमकं लिहा. माझ्याकडून पहिलं: काठावर काटक्या, वाळलं शेवाळ, थर्माकोलचे तुकडे यांची रेघ दिसते, पाणी तिथवर येऊन गेलेलं असतं. पावसाळ्यात तर ते तिच्याही वर जातं. तंबू त्या रेघेपेक्षा निदान पुरुषभर उंचावर लावा.

मुरूममाती:
वैतरणाला वर बोटभर माती, खाली मुरूम. तंबूसोबतच्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या दोन ठोक्यांत वाकतात. लोहाराकडून आठ इंची सळईच्या करून घ्या. ठोकताना खुंटीचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं हवं, नाहीतर वाऱ्यात दोर वरून निसटतो. आणि झरोके उघडेच ठेवा! बंद केले की श्वासाची वाफ आतून जमते आणि पहाटे अंगावर थेंब पडतात. लोक म्हणतात तंबू गळतो.

साधा डबा:
काश्यपीला जाणार असाल तर गिरणारेमार्गे. टोमॅटोचा हंगाम असेल तर पिकअपच्या रांगा लागतात, वेळ धरून निघा. भाजी मात्र तिथेच घ्या, ताजी असते. सध्या भाव काय चाललाय कुणाला माहीत आहे का?

चूलवाली:
चुलीला पाण्यातले दगड घेऊ नका. दगडाच्या भेगांत पाणी मुरलेलं असतं, तापलं की त्याची वाफ होते आणि दगड फुटून कपच्या उडतात. काठापासून लांबचे, उन्हात तापलेले कोरडे दगड घ्या. चुलीचं तोंड वाऱ्याकडे, पण अगदी सरळ नाही, थोडं तिरकं. निघताना नुसती माती टाकली तर निखारा आत धुमसत राहतो. आधी पाणी, मग काठीने ढवळा, परत पाणी, हाताला गार लागेपर्यंत. भांडी धरणात घासू नका हो. गंगापूर धरणाचं पाणी आपल्याच नळाला येतं, काश्यपीचंही पुढे त्यातच जातं.

निफाडकर:
पाखरं बघायची तर नांदूर मधमेश्वर. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० मध्ये जाहीर झालेलं. अभयारण्य आहे, त्यामुळे तंबू, चूल तिकडे नाही. चापडगावच्या मनोऱ्यावर सूर्य उगवायच्या सुमारास पोचा. ऊन पाठीशी घ्या, समोर घेतलं की बदक नुसतं काळं दिसतं. ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरे. त्याहून जास्त मोठं दाखवणारी असेल तर हात हलतो तसं चित्र हलतं. डिसेंबर-जानेवारीत चक्रवाक, पट्टकादंब दिसतात. हळदीकुंकू बदक तर बारमाही. कानटोपी आणाच, निफाडची थंडी माहीत आहे ना.

गोदाकाठ:
निफाडकर दादा, उन्हाचं बरं सांगितलंत. पोहण्याबद्दलही कुणी लिहा, मुलं ऐकत नाहीत.

दोरखंड:
ताई, पोहू देऊच नका. धरण बांधण्याआधीच्या विहिरी, बांध, बाभळी पाण्याखाली तशाच असतात. मे महिन्यात उघडा पडलेला गाळ वरून भेगाळलेला, टणक दिसतो, पण पापुद्रा फुटला की मांडीपर्यंत पाय जातो. असं रुतलं तर धडपड करायची नाही. मागे रेलून अंग पसरायचं आणि एकेक पाय सावकाश हलवत सोडवायचा.
जवळ पंधरा मीटर दोर आणि पाच लिटरचा रिकामा कॅन ठेवा. कॅनमध्ये चार बोटं पाणी भरून झाकण घट्ट लावा आणि मुठीला दोर बांधा. वजनामुळे लांब फेकता येतो आणि तरंगतोही. वाचवायला स्वतः उडी टाकायची नाही.
जीवरक्षक जाकीट खांद्याला धरून वर ओढून बघा. हनुवटीपर्यंत सरकलं तर ढिलं आहे.
धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात बसूच नका. पाणी सोडण्याचा भोंगा वाजला की सामान सोडून वर.

गळवाला:
चिलापीला गांडूळ, रोहूला भिजवलेली पेंड आणि पीठ. पण आधी गावात विचारा, मासेमारीचा ठेका बहुतेक मच्छीमार सोसायटीकडे असतो.

साधा डबा:
ताई तो तंबू विकायचा आहे का?

गोदाकाठ:
नाही हो. पण घडीवर काळे ठिपके पडलेत.

मुरूममाती:
बुरशी आहे, ओला घडी केला असणार. कोरड्या ब्रशने उन्हात झाडा, मग एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी लावून दोन दिवस वाळवा. डाग राहतील, पण वास जाईल. साबण नको, कापडाचं पाणी अडवणं जातं.