मदत हवी आहे: केस मुलाखतीची तयारी नेमकी कशी करावी?

अर्धविराम: मला कन्सल्टिंगमध्ये जायचे आहे. तिथल्या केस मुलाखतीत एखाद्या व्यवसायाची अडचण देऊन ती सोडवायला सांगतात. काल सरावासाठी एका वरिष्ठ मित्राने विचारले की एका दूध संघाचा नफा दोन वर्षांत घटला आहे, तर कारण शोध. मी ‘जाहिरात वाढवावी’ असे सांगून मोकळा झालो, बीसीजी या सल्लागार कंपनीची चौकट (व्यवसायांची चार खान्यांत विभागणी) काढून दाखवली आणि पुढची वीस मिनिटे घाम पुसत बसलो. अशा सगळ्या चौकटी (फ्रेमवर्क्स) पाठ आहेत. वेळ कमी आहे, तरी कोणते पुस्तक वाचावे ते कृपया लवकर सांगावे.

घाटमाथा: वेळ कमी म्हणजे किती? आपण कोणत्या वर्षाला आहात, आणि कन्सल्टिंग म्हणजे मॅकिन्सी-बेन या कंपन्यांसारखे व्यवस्थापन सल्ल्याचे काम की सॅपसारख्या संगणक प्रणाली बसवून देण्याचे, यांतले काहीच लिहिलेले नाही.

जमाखर्च: माझा अनुभव असा, की आधी एमबीए करावे, त्याशिवाय या क्षेत्रात कोणी विचारत नाही.

अर्धविराम: तिसरे वर्ष, मेकॅनिकल, पुणे. काम व्यवस्थापन सल्ल्याचेच. एमबीएविषयी मी विचारलेले नाही.

घाटमाथा: जमाखर्च, या कंपन्या आयआयटीतून थेट पदवीधरही घेतात, त्यामुळे आपले विधान सरसकट लागू होत नाही. अर्धविराम, बीसीजीने 1970 मध्ये मांडलेली ती चौकट अनेक व्यवसाय असलेल्या कंपनीने पैसा कुठे घालावा हे ठरवण्यासाठी आहे. एका संघाचा नफा का घटला, हे ती सांगणार नाही. आधी विचारावे की घट सर्वच संघांची आहे की याच संघाची. मग उत्पन्न आणि खर्च वेगळे करावेत: किती लिटर विकले, काय दराने, शेतकऱ्याला फॅटनुसार किती दिले, टँकर आणि पिशव्यांवर किती गेले. कारण त्यांतल्याच एखाद्या ओळीत सापडते.

जमाखर्च: चौकटींना इतके हिणवू नये, त्यांनी बोलण्याला शिस्त येते.

पाटीपेन्सिल: शिस्त आकडेमोडीनेही येते. पुण्यात रोज किती वडापाव खपतात, याचा अंदाज करून पाहा. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे 31 लाख होती. आज 40 लाख धरली आणि दहांतला एक जण रोज एक खातो असे मानले, तर चार लाख होतात. आता उलटे तपासा: एक गाडी दिवसाला दोनशे विकत असेल, तर दोन हजार गाड्या लागतील. हे पटते का, एवढे मोठ्याने बोलावे. मुलाखत घेणारा उत्तरापेक्षा तेच ऐकत असतो.

सांजवेळ: माझ्या भाचीने सॅपचे प्रमाणपत्र घेतले आणि तिला लगेच नोकरी लागली.

घाटमाथा: तो प्रश्नच नाही हो. अर्धविराम, आपल्या महाविद्यालयात या कंपन्या येतात का?

अर्धविराम: येत नाहीत. एका माजी विद्यार्थ्याच्या शिफारशीने लहान सल्लागार कंपनीत इंटर्नशिपसाठी मुलाखत ठरली आहे, ती येत्या शनिवारी आहे. हे वर लिहिले होते असे मला वाटले.

पाटीपेन्सिल: लिहिले नव्हते. पुस्तक राहू द्या. आज रात्री नऊ वाजता कागद-पेन घेऊन बसा, तीच दूध संघाची केस मी आपल्याला फोनवर पुन्हा विचारतो. व्यक्तिगत निरोपातून क्रमांक पाठवा.