सल्ला हवा: रोमन वाइन आणि तिचे रांजण – काय वाचू, काय बघू?

रसायनी: नमस्कार मंडळी. रसायनशास्त्रात एमएस्सी केलंय, प्रयोगशाळेत काम करते. ऑक्टोबरमध्ये नेपल्सला जायचं ठरतंय. खापरात मुरलेल्या अवशेषांवरून दोन हजार वर्षांपूर्वीची वाइन कशी ओळखतात ते मुळातून समजून घ्यायचंय. कोणते शोधनिबंध वाचू? पाँपेईच्या आसपास ही भांडी जागेवर कुठे दिसतात? आपल्याकडे सापडलेल्या अँफोरांबद्दलही (वाइन वाहून नेायची दोन कानांची मातीची भांडी) सांगा.

खापरखुणा: बोस्कोरेआलेला जाच. पाँपेईपासून जवळ आहे. व्हिला रेजिना हे शेतघर व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या इ.स. 79च्या उद्रेकात गाडलं गेलं. अंगणात 18 डोलिया, म्हणजे मोठाले रांजण, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले आहेत. शेजारीच संग्रहालय आहे. उघडायच्या वेळा मात्र निघण्याआधी बघून घ्या.

तिथे जाण्यापूर्वी दिमित्री व्हान लिंबर्गेन आणि पाउलिना कोमार यांचा 'अँटिक्विटी' या पुरातत्त्वाच्या नियतकालिकातला 2024चा निबंध वाचा. जॉर्जियात आजही क्वेव्री नावाच्या पुरलेल्या रांजणांत वाइन करतात. त्यांच्याशी त्यांनी डोलियांची तुलना केलीय. रांजण का पुरायचा? तर तापमान स्थिर राहतं. बूड निमुळतं का? बिया आणि चोथा तळाशी बसतो आणि वाइनशी त्याचा संपर्क कमी येतो. वर यीस्टचा पातळ पडदा धरतो, त्यातून सोटोलोन तयार होतं. मेथीदाण्याचा वास याच रेणूचा! रोमन वाइन म्हणजे आंबूस, कशीबशी पिण्याजोगी, असं सर्रास लिहिलं जातं, ते मला मुळीच पटत नाही. ज्यांनी भांड्याचा आकार इतका विचार करून घडवला, ते हातावर हात ठेवून रस आंबू देत नव्हते. माझा आग्रह एवढाच की आधी भांडं वाचा, वाइन नंतर.

नीलमोहर: वरच्याला +1. तुमच्या कामाचे आणखी दोन. सान फेलिचे चिर्चेओच्या समुद्रात 2018मध्ये सापडलेल्या अँफोरांवरचा 'प्लॉस वन'मधला निबंध (2022, फुकट वाचता येतो): रासायनिक खुणा आणि परागकण, दोन्ही एकत्र तपासलेत. दुसरा स्पेनमधल्या कार्मोनाचा (2024): थडग्यातल्या काचेच्या कलशात सुमारे 5 लिटर द्रव होता, त्यात माणसाच्या अस्थी. लाल वाइनची खूण असलेलं सिरिंजिक आम्ल आढळलं नाही, म्हणून पांढरी वाइन असा निष्कर्ष. हे आम्ल कालांतराने नष्टही होऊ शकतं, तेव्हा हा भाग बारकाईने वाचा.

रसायनी: मनापासून आभार! म्हणजे टार्टारिक आम्ल मिळालं की द्राक्ष नक्की, असं धरायचं का?

खापरखुणा: इटलीत बऱ्यापैकी, भारतात अजिबात नाही. चिंचेत ते भरपूर असतं! आपल्याकडच्या खापरात नुसतं टार्टारिक मिळालं म्हणून वाइन म्हणणं घाईचं होईल. आधी आतला लेप तपासायचा. रोमन अँफोराला बहुधा पाइनची राळ असते, तिची खूण डीहायड्रोअ‍ॅबिएटिक आम्ल. मेसोपोटेमियाकडच्या टॉर्पेडो जारला, म्हणजे बिनकानाच्या लांबट रांजणाला, खनिज डांबर असतं, तिथे होपेन, म्हणजे डांबरातले खुणेचे रेणू, शोधा. नुसत्या डोळ्यांना दोन्ही काळेच दिसतात. पश्चिम भारतात रोमन म्हणून नोंदलेल्या कितीतरी खापऱ्या प्रत्यक्षात टॉर्पेडो जारच्या आहेत, हे पुरातत्त्वज्ञ रोबर्टा टोंबर यांनी दाखवलं ('अँटिक्विटी', 2007). घारापुरीवर असे जार सापडलेत. अर्थात रोमन वाइन येत होती हे खरंच. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी व्यापारवर्णनामध्ये भडोचच्या आयातीत वाइन आहे, आणि इटलीची सर्वांत पसंतीची.

ओवी_म्युनिक: लॅटिन येत नसलं तरी कोलुमेला या रोमन शेतीलेखकाच्या ग्रंथाचं 12वं पुस्तक सोडू नका, इंग्रजी भाषांतर जालावर आहे. द्राक्षतोडणीच्या 40 दिवस आधी रांजणांना राळ लावायची, पुरलेला रांजण उचलता येत नाही म्हणून पेटती लोखंडी दिवटी आत सोडून तापवायचा, मग राळ ओतायची, हे सगळं त्यात पायरीपायरीने आहे. बोस्कोरेआलेला जाण्याआधी तेवढं प्रकरण वाचाच.