मदत हवी आहे: भर उन्हात टेनिस खेळताना मुलाला त्रास होतोय

माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, टेनिसच्या मॅचेस खेळतो आणि उन्हाळ्यात त्याची मॅच नेमकी दुपारी १२-१ लाच लागते. गेल्या रविवारी दुसऱ्या सेटला पोटरीत असा गोळा आला की रॅकेट टाकून खालीच बसला, टोपीवर घामाच्या मिठाचे पांढरे पट्टे आणि एवढ्या उन्हात हातावर काटा आलेला, बघून काळजात धस्सच झालं. लगेच सावलीत आणून मानेवर, काखेत बर्फाचे टॉवेल ठेवले तेव्हा सावरला. मॅच सोडायला लावली म्हणून अजून रुसलाय, ते चालेल मला.

पाणी तो भरपूर पितो, पण घामातून सोडियमही जातं ना, नुसत्या पाण्याने ते कसं भरून निघणार. कोर्ट बदलताना ९० सेकंद मिळतात तेवढ्यात तुमची मुलं नेमकं काय आणि किती पितात? ओआरएस मॅचच्या आधीपासून द्यावं का? शरीराला उन्हाची सवय व्हायला १०-१४ दिवस लागतात, तर प्रॅक्टिस रोज किती वाढवायची? बरळायला लागला किंवा शुद्ध हरपली तर थेट हॉस्पिटल हे माहितीये, पण त्याच्या आधीच थांबवायचं हे तुम्ही कशावरून ओळखता? प्लीज सांगा, शनिवारी पुढची मॅच आहे.