सिस्टीम स्वतःला बदलेल, मग माणूस कशाला?

रात्रपाळी: "सिस्टीमने लोड बघून स्वतःच स्वतःला बदलावं, ऑन-कॉल (बिघाड झाला की रात्रीही उठणाऱ्या) माणसाची गरजच संपेल" ही पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. आमच्याकडे डेटाबेसमधली एक क्वेरी मंदावली. रिक्वेस्ट तुंबल्या. ऑटोस्केलरने, म्हणजे लोड बघून सर्व्हिसच्या प्रती कमी-जास्त करणाऱ्या प्रोग्रामने, तो वाढलेला लोड समजून नवे इन्स्टन्स (प्रती) उभे केले. प्रत्येकाने आपापला कनेक्शन पूल (डेटाबेसशी तयार जोडण्यांचा साठा) उघडला, डेटाबेसची जोडण्यांची मर्यादा संपली आणि जे रडतखडत चाललं होतं तेही बंद पडलं. नियम तंतोतंत पाळला गेला, तरी सगळं आडवं.

फीडबॅकवाला: पोस्ट माझी आहे. डिझाइन तुमचं कच्चं आणि खापर कल्पनेवर? १९८६ साली इंटरनेट तुंबलं तेव्हा बर्कलेतल्या एका जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आला होता. मग नेटवर्क संशोधक व्हॅन जेकबसनने टीसीपीला, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोहोचवण्याच्या नियमावलीला, पॅकेट (डेटाचा तुकडा) हरवलं की वेग आवरायला शिकवलं. आज प्रत्येक जोडणी आपला वेग आपणच ठरवते. तिथे कोण रात्री उठतंय?

रात्रपाळी: टीसीपीपुरतं मान्य. त्याहून पुढे नाही! शंका आली की टीसीपी माघार घेतं. तुमचा ऑटोस्केलर शंका आली की आणखी जोर लावतो.

लॉगशोधक: तुमचं चालू द्या, पण निर्णयाची नोंद कोण ठेवतं? आमच्या लॉगमध्ये "रेप्लिका ४ वरून ९", म्हणजे चार प्रतींच्या नऊ झाल्या, एवढंच. कोणता आकडा बघून, काहीच नाही. सकाळच्या मीटिंगमध्ये "असं का केलं?" हे मात्र मला विचारतात.

फीडबॅकवाला: कुबरनेटीस (या प्रती चालवणारं सॉफ्टवेअर) इव्हेंटमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदीत, कारण लिहितं. "सीपीयू लक्ष्यापेक्षा वर." आधी वाचत जा.

लॉगशोधक: वाचतो हो! डीफॉल्ट सेटिंगमध्ये इव्हेंट तासाभरात पुसले जातात. रात्रीच्या घोळाचा पुरावा सकाळी कुठून आणू? आणि सीपीयू का चढला, ते त्यात नसतंच.

रात्रपाळी: हेच तर. आयबीएमने २००१ मध्ये ऑटोनॉमिक कंप्युटिंगची, म्हणजे स्वतःच स्वतःला सांभाळणाऱ्या सिस्टीमची, हाक दिली. निरीक्षण, विश्लेषण, नियोजन, अंमलबजावणी आणि मधोमध ज्ञान, ही आकृती प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असते. ज्ञानाचा चौकोन मात्र रिकामाच.

फीडबॅकवाला: नोंद हवी, चला, मानलं. पण त्यासाठी माणसाला रात्रभर जागवायचं, हे मुळीच पटत नाही.

रात्रपाळी: जागवू नका. कमाल रेप्लिका किती, हे तरी त्याला ठरवू द्या. डेटाबेसची कनेक्शन मर्यादा भागिले पूलचा आकार. हा भागाकार तुमचा ऑटोस्केलर करत नाही.