पायाची आग थांबली म्हणजे नस बरी झाली का?

कृष्णाकाठ (सांगली): शुगरमुळं तळवे जळतात, मुंग्या येतात, त्यावर अ‍ॅक्युपंक्चर घ्या असं आजकाल जो तो सांगतोय. एका पाटीवर तर 'मेलेल्या नसा जिवंत करा' असं वाचलं. दुखणं हलकं होत असेल तर खुशाल घ्या. पण मधुमेहानं खराब झालेली नस सुयांनी दुरुस्त होते, हे मला पटत नाही. नसांच्या दुखण्यावर अ‍ॅक्युपंक्चर किती चालतं याचा कॉक्रेननं, म्हणजे उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून पारखणाऱ्या संस्थेनं, २०१७ साली आढावा घेतला. हाती लागले ६ अभ्यास, मिळून ४६२ माणसं. त्यावरून हो किंवा नाही, काहीच ठरवता आलं नाही.

मिरजेची_सून: दादा, आमच्या मामंजींना प्रीगाबालिननं (नसांच्या दुखण्यावरची गोळी) गरगरायचं, दिवसभर पेंग. सुया सुरू केल्यापासून रात्री झोप लागते. आणि ती गोळी तरी कुठं नस दुरुस्त करते? तीही दुखणंच दाबते. मग सुयांनाच वेगळा न्याय का? सरकारमान्य उपचार आहे हा, २०१५ चा कायदा आहे महाराष्ट्रात. भोंदूगिरी म्हणू नका.

कृष्णाकाठ: भोंदूगिरी म्हणालोच नाही, ताई. गोळीचं तुमचं बरोबर आहे. पण ती औषध नसलेल्या खोट्या गोळीसमोर तपासून झालीय. कायदा एवढंच सांगतो की सुई कुणी टोचायची. गुण येतो का, ते कायदा ठरवत नाही.

कोरेगावकर: आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी चीनमधून आणलेली विद्या आहे ही. जरा मान ठेवा.

राजवाडा_सातारा: कोटणीस १९३८ ला गेले आणि १९४२ ला तिकडंच वारले. ही विद्या इकडं आणली ती त्यांच्याच पथकातल्या डॉ. बसूंनी, कलकत्त्यात. असो.

मी औषधाच्या दुकानात बसतो, म्हणून वेगळंच सांगतो. आग थांबली याचे दोन अर्थ होतात. एक, खरंच आराम पडला. दुसरा, नस आणखी मेली आणि आता काहीच कळेना. दुसरा अर्थ फार वाईट. चप्पल पायातून निसटते आणि पत्ता नसतो, गरम पाण्यात पाय बुडवले की फोड येतात, खिळा रुतला तरी कळत नाही. पालखी लोणंद-फलटणला येते तेव्हा अनवाणी चालणाऱ्यांत शुगरवालेही असतात, त्यांना मी हात जोडून सांगतो, माऊली, पायात काहीतरी घाला. तेव्हा ताई, सुया घ्या, पण डॉक्टरकडून मोनोफिलामेंट तपासणी करून घ्या. नायलॉनचा दोरा १० ग्रॅमच्या दाबानं तळव्याला टेकवतात, डोळे मिटून सांगायचं, लागला का. काही मिनिटांचं काम. आणि मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व बघा, ते कमी पडलं तरी अशाच मुंग्या येतात.

कोरेगावकर: म्हणजे सुयांवर बंदीच म्हणा ना सरळ.

राजवाडा_सातारा: कुठं म्हणालो? सुई निर्जंतुक, एकदाच वापरायची हवी. पायाला जखम असेल, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर आधी विचारा. पेसमेकर असेल तर करंट जोडलेल्या सुया नकोतच. आणि कुणी 'गोळ्या बंद करा' म्हणालं की तिथनं उठायचं.

मिरजेची_सून: आमच्या सुयावाल्यांनी गोळी बंद करा असं कधीच म्हटलेलं नाही.

कृष्णाकाठ: मग चांगलंय. नसेला खरा आधार शुगर ताब्यात ठेवण्याचाच. १९९३ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात टाइप १ च्या (शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही तो मधुमेह) रुग्णांनी शुगर नेटानं सांभाळली, तर नसांचा त्रास होण्याचं प्रमाण ६० टक्क्यांनी कमी झालं. टाइप २ मध्ये, म्हणजे बहुतेकांना मोठेपणी होणाऱ्या मधुमेहात, इतका फरक दिसत नाही, हेही खरं. मामंजींची एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, किती आहे?

मिरजेची_सून: ९ च्या वर. पण सकाळच्या चहात दोन चमचे साखर नसली तर घर डोक्यावर घेतात, ते तुम्ही येऊन थांबवा. ती दोऱ्याची तपासणी करून घेऊ. सुया मात्र बंद करणार नाही.