पर्थहून ऑल्बनीचं व्हेलिंग स्टेशन एका दिवसात होतं का?

माशेलची_सून:
नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये नणंदेकडे ऑस्ट्रेलियात पर्थला चाललोय, सासू-सासरे पण आहेत सोबत. सासरे तारवटी, उभी हयात जहाजाच्या इंजिन रूममध्ये गेली, त्यामुळे नणंदेने ऑल्बनीच्या जुन्या व्हेलिंग स्टेशनचे फोटो पाठवल्यापासून तेच धरून बसलेत, तिथे जमिनीवर आणून ठेवलेलं देवमाशांच्या शिकारीचं जहाज आहे आणि वर चढता येतं म्हणे. नणंद म्हणते पहाटे निघू, रात्री घरी. जमेल का? आणि दुसरं म्हणजे सासूबाई. घरात श्रावण चालू असणार, त्या दिवसांत मासळीचं नाव काढू देत नाहीत आणि आम्ही त्यांना देवमासे कापायच्या जागी नेणार 🙈

पर्थात_मडगावकार:
नणंदेला सांगा, नको. पर्थ ते ऑल्बनी एका बाजूने ४०० किमीच्या वर आहे, साडेचार-पाच तास सरळ ड्रायव्हिंग, म्हणजे जाऊन-येऊन दहा तास गाडीतच. आपल्याकडे पणजी-पुणे करून त्याच रात्री परत येतं का कोण? शिवाय अंधार पडताना कांगारू रस्त्यावर येतात, तेव्हा हायवेवर गाडी चालवायला इथली माणसंसुद्धा कां-कू करतात. ऑल्बनीत दोन रात्री राहा आणि मधला पूर्ण दिवस स्टेशनला द्या. ते गावापासून आणखी वीसेक किमी पुढे, फ्रेंचमन बेच्या बाजूला आहे. वाटेत 'द गॅप' बघा, कड्याच्या टोकाला लोखंडी प्लॅटफॉर्म आणि खाली ४० मीटरवर समुद्र खवळलेला. स्वेटर विसरू नका हां, ऑगस्ट म्हणजे तिथला हिवाळा, वारा कान कापतो.

डिचोलीचा_भटक्या:
आम्ही जाऊन आलोय. सासूबाईंना बिनधास्त न्या, रक्त-बिक्त काही नाही आता, वासही नाही. पण गाईड जे सांगतो ते ऐकून पोटात ढवळतं हे खरं. विमानातून कळप हेरायचे, मग चेसर बोटी मागे लागायच्या, मेलेला देवमासा बुडू नये म्हणून त्यात हवा भरायची, आणि किनाऱ्यावर आणला की विंचने उतरणीवरून वर ओढून लांब दांड्याच्या सुऱ्यांनी चरबी सोलून काढायची. ती शिजवून तेल. ज्या टाक्यांत हे तेल साठवायचे त्यांतच आता फिल्म दाखवतात, आत बसल्यावर जरा विचित्रच वाटलं मला. आधी हंपबॅक जातीचे देवमासेही मारायचे, १९६३ ला ते बंद झालं, मग नुसते स्पर्म व्हेल जातीचे. शेवटची शिकार नोव्हेंबर १९७८. निदर्शनं झाली होती हो, पण धंदाही तोट्यात गेला होता, डिझेल महाग आणि तेलाला गिऱ्हाईक नाही. आपण १९७८ म्हणजे कालच म्हणतो, माझा दादा तेव्हा शाळेत होता!

आणि ऑगस्टमध्ये जाताय तर जिवंत देवमासे दिसायचा चान्स आहे, त्या किनाऱ्याला हंपबॅक आणि सदर्न राइट त्याच दिवसांत येतात. सासूबाईंना आधी ते दाखवा.

म्हापशेकार:
देवमासा हा मासा नव्हेच, पिल्लाला दूध पाजतो तो, श्रावणात चालतो 😄

पर्थात_मडगावकार:
@म्हापशेकार खायला नाही सांगत रे कोण तिला.
एक सिरियस गोष्ट राहिली. कुठे जुन्या दुकानात देवमाशाचा दात किंवा हाड विकायला दिसलं तर अजिबात घेऊ नका, परमिटशिवाय बाहेर नेता येत नाही आणि आपल्याकडेही वन्यजीव कायदा आहे. व्हेलच्या उलटीपायी कोकणात लोक आत गेलेले पेपरात वाचलंच असेल, ती स्पर्म व्हेलचीच.

माशेलची_सून:
थँक्यू सगळ्यांना, दोन रात्रींचं ठरलं, नणंद जरा फुगलीय पण चालेल. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या मी गाडीत बसून राहीन, मग म्हापशेकारांचा दुधाचा मुद्दा सांगितला तर गप्प झाल्या, थोड्या वेळाने म्हणतात, "बाळंतिणीला मारायचे गो ते?" काय सांगू मी.
सासऱ्यांचा प्रश्न: जहाजावर चढायच्या शिड्या कशा आहेत, गुडघे दुखतात त्यांचे.

डिचोलीचा_भटक्या:
जहाजाच्या असतात तशाच, उभ्या आणि अरुंद. पण तारवट्याला तुम्ही शिडीचं काय सांगणार, तेच तुम्हाला उतरायला शिकवतील.