अल्कान, हॅमलिन आणि "विषय संपला"

मंद्र: काल इथे कुणीतरी लिहिलं, "अल्कान म्हणजे नुसती बोटांची कसरत. हॅमलिन ऐकला की विषय संपला." अल्कान म्हणजे एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच पियानोवादक-रचनाकार, हॅमलिन त्याच्या रचना वाजवणारा आजचा पियानोवादक. रात्रभर ते वाक्य डोक्यात घोळत होतं. अल्कानच्या ओपस ३९ या रचनासंचातला सोलो पियानोचा कॉन्चेर्टो (१८५७) पन्नासेक मिनिटांचा, पहिला भागच जवळपास अर्धा तास. कॉन्चेर्टोत एरवी एका वादकासोबत वाद्यवृंद असतो, इथे वाद्यवृंद नाहीच. त्याची गर्जना आणि एकट्या पियानोचं बोलणं, दोन्ही दहा बोटांतून वेगळं ऐकू यायला हवं. हॅमलिनचं २००७ चं रेकॉर्डिंग काचेसारखं लख्ख आहे, पण वाद्यवृंद कुठे थांबला ते मला त्यात सापडत नाही. पियानोवादक रोनाल्ड स्मिथच्या वाजवण्यात सापडतं. दुसरा पियानोवादक ऑग्डन खडबडीत, तरी त्याच्याकडे अंगावर काटा येतो.

तारसप्तक: वेगाचं खापर हॅमलिनवर का? आगगाडीवरच्या एट्यूडवर (सरावाची रचना, १८४४) अल्काननंच मिनिटाला ११२ मिनिम (दोन मात्रांचे स्वर) लिहून ठेवलेत. तुम्हाला झेपत नाही म्हणून तो आकडा खोडायचा?

मंद्र: अल्कानच्या काळातल्या एरार पियानोच्या पट्ट्या आजच्या स्टाइनवे पियानोपेक्षा हलक्या होत्या. आकडा तोच राहिला, वाद्य बदललं. आणि मी कॉन्चेर्टोबद्दल बोलतोय.

दादरकर: तुमचं चालू द्या, पण रचनाकार सोराबजीचं नाव कुणीच का घेत नाही? अल्कानला कुणी विचारत नव्हतं तेव्हा, १९३२ च्या पुस्तकात, त्याची बाजू घेतली ती आपल्या मुंबईच्या माणसानं.

तारसप्तक: मुंबईचा कसला? वडील मुंबईचे पारशी. हा जन्मला इंग्लंडात, १८९२ साली.

दादरकर: लिऑन डडली हे नाव टाकून कैखुश्रू शापूरजी झाला तो. इंग्रज म्हटलेलं त्याला खपत नसे.

तारसप्तक: नाव बदलून गाव बदलत नाही. शिवाय स्वतःच्या रचना वाजवायला त्यानं १९७६ पर्यंत, चांगली चाळीस वर्षं, आडकाठी केली. त्यानं दुसऱ्याच्या उपेक्षेवर बोलावं?

दादरकर: गचाळ वाजवण्यापेक्षा न वाजवलेलं बरं, हेच तर त्याचं म्हणणं होतं!

तारसप्तक: मग ऑग्डनचा खडबडीतपणा कसा चालतो?

कोमल_नि: दोघेही थांबा. जुलैत एका सभागृहात मी अल्कानची 'इसोपची मेजवानी' वाजवायला बसले. दमट हवेनं पट्ट्या फुगलेल्या, दाबलेली वर येईना. पंचवीस व्हेरिएशन्सपैकी (एकाच सुरावटीची बदलती रूपं) सहावीतच हात थांबले. आधी कळवूनही कुणी पियानो पाहिला नव्हता. त्या दिवसापासून हे कुणीही शेवटापर्यंत नेलं की मला रडू येतं. कसरत म्हणणाऱ्यानं एक पान वाजवून दाखवावं.

तारसप्तक: वाईट वाटलं वाचून. बरं, पहिल्या भागात वाद्यवृंद आणि सोलो स्मिथकडे जास्त वेगळे कळतात, एवढं कबूल. एवढंच. आणि 'कसरत' मी म्हटलं नव्हतं, ते माझ्या माथी मारू नका.

दादरकर: सोराबजी मुंबईचाच.